"हो" म्हणण्याआधीचे तीन सेकंद

गेल्या डिसेंबरात एका मैत्रिणीच्या लग्नाला अमरावतीला गेलो होतो. इंजिनिअरिंगला आम्ही एकाच बॅचला होतो. ती ख्रिश्चन. मी अकोल्याचा, घरात गजानन महाराजांचा फोटो आणि आईचा गुरुवारचा उपास. चर्चमधलं लग्न मी तोवर फक्त सिनेमात पाहिलं होतं. त्यामुळे पायघोळ गाऊन आणि हातात फुलांचा गुच्छ असं काहीतरी डोक्यात घेऊन गेलो. प्रत्यक्षात नवरी पांढऱ्या साडीत होती. तळहाताला आदल्या दिवशीच्या हळदीचा पिवळेपणा होता. पुढे गळ्यात मंगळसूत्रही पडलं, फक्त त्याच्या मधोमध एक छोटा क्रूस होता. मागच्या बाकावरच्या बाया अस्सल वऱ्हाडीत कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. म्हणजे सगळं आपलंच.

मग पाळकसाहेबांनी तिला विचारलं. तिचं पूर्ण नाव घेऊन, माइकवर, मराठीत. या माणसाला नवरा म्हणून स्वीकारायची तुझी इच्छा आहे का?

ती लगेच बोलली नाही. दोन-तीन सेकंद गेले असतील. शेजारी बसलेला मित्र कुजबुजला, "हँग झाली का बे?" मग ती म्हणाली, "हो, आहे."

जेवणाच्या वेळी तिला विचारलं, तर हसत म्हणाली, घसा कोरडा पडला होता, बाकी काही नाही. पण मला ते तीन सेकंद सोडेनात. कारण तेवढ्या वेळात ती "नाही"ही म्हणू शकली असती, आणि शे-दोनशे माणसांसमोर ते ऐकून घेणं पाळकसाहेबांना भाग पडलं असतं. दुसरं कारण माझं स्वतःचं होतं. पुढच्याच रविवारी मला घरच्यांसोबत मुलगी पाहायला जायचं होतं. बायोडेटा आईनं व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. उंची, पॅकेज, गोत्र सगळं त्यात होतं. तिला काय वाटतं, याचा रकाना नव्हता. माझ्या बायोडेटातही नव्हता.

इशारा आणि प्रश्न

आपल्याकडे लग्नात "शुभमंगल सावधान" म्हणतात. ते ऐकून लहानगा नारायण, म्हणजे पुढचे रामदास स्वामी, मांडवातून पळाला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. मला ती आता वेगळी दिसते. "सावधान" हा इशारा आहे, तो प्रश्न नाही. इशारा ऐकून पळता येतं, पण उत्तर देता येत नाही. शिवाय गोष्टीत पळाला तो मुलगा होता. नवरीचं पुढे काय झालं, हे गोष्ट सांगत नाही.

ख्रिस्ती लग्नाच्या मध्यभागी मात्र प्रश्न आहे. बाकीचं देशोदेशी बदलतं. केरळात नवरीला मंत्रकोडी देतात, आपल्याकडे हळद लावतात, कुठे अंगठी, कुठे मंगळसूत्र. पण बहुतेक चर्चमध्ये दोघांना वेगवेगळं विचारल्याशिवाय आणि दोघांनी तोंडानं उत्तर दिल्याशिवाय लग्न होत नाही.

हे कुठून आलं? एक धागा रोमन कायद्यात आहे. लग्न संमतीनं होतं, हे तत्त्व तिथलं. दुसरा धागा बायबलमध्ये. उत्पत्तीच्या पुस्तकात पुरुष आणि स्त्री एकदेह होतात असं म्हटलंय. येशूनं त्याच वचनाचा आधार घेऊन सांगितलं की देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात नवरा-बायकोच्या नात्याला ख्रिस्त आणि मंडळीच्या नात्याची उपमा दिली. बाराव्या शतकापर्यंत युरोपातल्या चर्चनं ठरवून टाकलं की लग्न घडतं ते दोघांच्या "हो"मुळे. बापाच्या परवानगीमुळे नाही, हुंड्यामुळे नाही, आणि गंमत म्हणजे धर्मगुरूमुळेही नाही. कॅथलिक शिकवणुकीनुसार लग्न हे संस्कार आहे, पण तो संस्कार एकमेकांना देतात ते वधू-वर. धर्मगुरू साक्षीला असतो.

याचा एक घोटाळा झाला. दोघांनी कुठेतरी कोपऱ्यात एकमेकांना "हो" म्हटलं की लग्न झालं, मग उद्या एकानं नाकारलं तर सिद्ध कसं करायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर व्यवहार झाला, पण लॉग नाही. म्हणून १५६३ साली ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं नियम केला: धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रोटेस्टंटांनी लग्नाला संस्कार मानायचं नाकारलं. ल्यूथरच्या मते लग्न देवानंच ठरवून दिलेलं, पण या जगातलं. साक्षीदारांसमोर उघड "हो" मात्र दोन्हीकडे राहिलं.

उगाच गुलाबी चित्र नको. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात नवरीला जास्तीचं एक वचन द्यावं लागे, नवऱ्याची आज्ञा पाळण्याचं. नवऱ्याला ते नव्हतं. आणि या मुलीचं दान कोण करतो, असाही प्रश्न विचारला जाई. म्हणजे कन्यादान तिथेही होतंच. पण त्याच विधीत तिला स्वतःला विचारणंही होतं. दोन विरुद्ध गोष्टी एकाच मांडवात उभ्या होत्या.

वऱ्हाडात आलेला प्रश्न

१८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. कापसाच्या मागे रेल्वे आली आणि रेल्वेच्या मागे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकन मिशनरी आले. फ्री मेथडिस्टांचं काम यवतमाळकडे उभं राहिलं. अलायन्स मिशनचं अकोला, खामगाव, अमरावती या पट्ट्यात. मेळघाटात कोरकू लोकांमध्ये आणखी एक मिशन गेलं.

त्यांना इथे दिसलं काय, तर आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं. अलायन्स मिशनच्या जेनी फुलर यांनी १९०० साली हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर एक अख्खं इंग्रजी पुस्तक काढलं. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची होती. त्या पुस्तकात मिशनरी चष्मा आहे, सगळा दोष हिंदू धर्मावर टाकायची घाई आहे. पण बालविवाहाबद्दल त्यात जे आहे ते खोटं म्हणता येत नाही. आपले आगरकरही तेच सांगत होते, आणि ते अकोल्यात शिकलेले.

कायदा त्याआधीच आला होता. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात देशी ख्रिश्चनांसाठी वेगळा भाग आहे. तेव्हा मुलगा १६ वर्षांपेक्षा मोठा हवा होता, मुलगी १३ पेक्षा मोठी हवी होती, दोघांपैकी कुणाचाही आधीचा जोडीदार हयात नको, आणि दोन विश्वासू साक्षीदारांसमोर दोघांनीही ठरलेलं वचन स्वतः उच्चारायला हवं. १३ हा आकडा आज वाचताना अंगावर काटा येतो. पण सगळ्यांसाठीचा शारदा कायदा आला १९२९ साली, आणि त्यात मुलीचं वय होतं १४. म्हणजे बाकी देशाला तिथवर यायला आणखी ५७ वर्षं लागली. (या कायद्यात लग्नाची वेळही आहे, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. वऱ्हाडातली वरात ज्यानं पाहिली आहे त्याला यातला विनोद कळेल.)

प्रश्न विचारायची ही रीत फक्त चर्चमध्ये राहिली नाही. हा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न लागलं. भटजी नाही. जोतीराव फुल्यांनी मराठीत मंगलाष्टकं रचली आणि त्यांत वधू-वर एकमेकांशी बोलतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी चर्चची नक्कल केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांचा राग आणि त्यांचा विचार त्यांचा स्वतःचा होता. पण नवरीनं स्वतःच्या भाषेत बोलावं ही गरज त्या काळाच्या हवेतच होती.

मिशनच्या आतही सगळं आलबेल नव्हतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळलं. आईबाप गेलेली मुलं मिशनच्या आश्रमांत वाढली. त्यांची लग्नं ठरवणारे आता मिशनरी होते. ज्यांनी जेवायला घातलं, कपडे दिले, अक्षर शिकवलं, त्यांनी समोर आणलेल्या मुलाला ती मुलगी "नाही" कशी म्हणणार? विचारणाऱ्याची ताकद फार मोठी असली की "हो"चं वजन कमी होतं. कांदेपोह्यांच्या बशीमागे बसलेल्या प्रत्येक मुलीला हे माहीत असतं.

न्यायाधीशानं विचारायचं

खरी कसोटी लागली ती नव्या लग्नांची नव्हे, जुन्या लग्नांची. लहानपणी हिंदू पद्धतीनं लग्न झालेला माणूस पंचविशीत ख्रिश्चन झाला, तर त्याच्या लग्नाचं काय?

पौलाला हा प्रश्न पहिल्या शतकातच पडला होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो सांगतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नका. तो स्वतःहून जात असेल तर जाऊ द्या. म्हणजे धर्म बदलला म्हणून लग्न मोडत नाही. निर्णय दुसऱ्या माणसाच्या हाती. कॅथलिक चर्चच्या कायद्यात आजही या प्रसंगी बाप्तिस्मा न घेतलेल्या जोडीदाराला रीतसर विचारावं लागतं: तुला बाप्तिस्मा घ्यायचा आहे का? नाही, तर निदान शांतपणे एकत्र राहायचं आहे का?

१८६६ साली इंग्रज सरकारनं यावर कायदा केला. हेन्री मेन तेव्हा कायदामंत्री होते. धर्मांतरामुळे जोडीदारानं सहा महिने सोबत राहायला नकार दिला, तर ख्रिश्चन झालेल्या माणसाला कोर्टात जाता येई. न्यायाधीशानं त्या जोडीदाराला स्वतः विचारायचं. बाई असेल तर खासगीत. नकाराचं कारण धर्मांतर हेच आहे ना, याची खात्री करायची. तरीही लगेच निकाल नाही. एक वर्ष थांबायचं. मध्ये दोघांना भेटायची मुभा द्यायची. वर्षानं परत विचारायचं. तेव्हाही नकारच असेल तर लग्न संपलं, दोघंही पुन्हा लग्न करायला मोकळे.

या कायद्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. मला त्यातला तपशील महत्त्वाचा वाटतो. जिला लग्नात कुणी विचारलं नव्हतं, तिला आता सरकारी माणूस दोनदा विचारणार, आणि मधे वर्षभर थांबणार.

टिळक आणि लक्ष्मीबाई

कोर्टात न जाता या प्रश्नाला सामोरं गेलेलं मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध जोडपं म्हणजे नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. त्यांच्या गोष्टीचा एक टाका आपल्या बाजूला आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक गोरा माणूस भेटला. त्यानं त्यांना बायबल वाचायला दिलं. तो गोरा म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड, असं टिळकांच्या चरित्रात सांगितलं जातं. यवतमाळकडे काम उभं करणारं मिशन ते हेच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्याचं वेड असलेले वडील. अकराव्या वर्षी लग्न. नवरा कवी, विक्षिप्त, सांगून न सांगता घरातून निघून जाणारा. मांडवात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या, कडेवर लहान दत्तू. माझ्या मैत्रिणीच्या वयाच्या. माझ्याही.

आता त्यांना पहिल्यांदा खऱ्या अर्थानं विचारलं गेलं: या माणसासोबत राहायचं आहे का? त्यांचं उत्तर तयार नव्हतं. धर्म सोडायचा नव्हता, नवराही सोडायचा नव्हता. जवळपास पाच वर्षं गेली. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, चिडल्या. टिळकांनी पत्रं लिहिली, भेटी घेतल्या, मुलावरून दोघांत ओढाताणही झाली. टिळक काही संत नव्हते. पण सहा महिन्यांनी उघडणाऱ्या कायद्याच्या दारात ते गेले नाहीत. दुसरं लग्नही केलं नाही. नगरला नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सुरुवातीला आपलं सोवळं आणि आपली वेगळी चूल सोडली नाही. एका लग्नात दोन चुली, आणि तरी लग्न चालू.

मग जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, हे त्यांना स्वतःच्या विचारानं पटलं. एकदा पटल्यावर त्या कुणाच्याही हातचं पाणी पिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर, नवऱ्याच्या हुकमावरून नाही. दोघांचं पुन्हा लग्न लावायची गरज नव्हती. ख्रिस्ती विचारात आधीचं लग्न खरंच धरलं जातं. मांडवात न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांनी आलं, एवढंच.

हे सगळं आपल्याला कळतं ते "स्मृतिचित्रे"मुळे. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघालं. शाळेत कधीच न गेलेल्या बाईनं लिहिलेलं, हसवत हसवत मारणारं पुस्तक आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या लेखाऐवजी ते वाचलं तरी चालेल.

आत यायचं दार, बाहेर जायचं दार

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण ज्या धर्मानं आत येताना इतकं विचारलं, त्यानं बाहेर जाताना बाईला फार छळलं.

रखमाबाईंचा खटला घ्या. त्या ख्रिश्चन नव्हत्या. अकराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि मोठं झाल्यावर त्यांनी दादाजी भिकाजीकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली त्यानं मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळताना दाखवून दिलं की बायकोला जबरदस्तीनं नांदायला लावायचा दावा हिंदू शास्त्रातला नाहीच. तो इंग्लंडच्या कायद्यातून आला. आणि तिथे तो आला होता चर्चच्या न्यायालयांतून. देवानं जोडलेलं तोडू नये, या वाक्याचं कोर्टाच्या हुकमात असं रूपांतर झालं होतं. अपिलात हा निकाल फिरला. १८८७ साली रखमाबाईंना सांगितलं गेलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ साली पैशांची तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या मागे हिंदुस्थानातल्या आणि विलायतेतल्या अनेक ख्रिश्चनांचाही पाठिंबा उभा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ख्रिश्चन बायकांसाठीचा घटस्फोट कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा किमान दोन वर्षं टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. शिवाय जिल्हा कोर्टानं दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. म्हणजे अकोल्याच्या बाईचं प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत जायचं, तिथे तीन न्यायाधीश बसायचे. राणी गेली, इंग्रज गेले, राज्यघटना आली, तरी हे चालू राहिलं. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयानं आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं यातला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. संसदेनं कायदा बदलला २००१ साली. तेव्हाच परस्पर संमतीनं घटस्फोट घ्यायची सोयही पहिल्यांदा आली. १३२ वर्षं लागली.

त्या बदलासाठी ख्रिश्चन स्त्रियांच्या संघटना अनेक वर्षं झटल्या, आणि कितीतरी चर्चही सोबत आले. कॅथलिक चर्च आजही घटस्फोट मानत नाही. पण लग्न मुळात झालंच होतं का, हे तपासायची त्याची स्वतःची न्यायालयं आहेत. धाकदपटशानं मिळवलेलं "हो" हे "हो" नसतं, आणि अशा लग्नाला लग्न म्हणता येत नाही, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. (सरकारी कायद्याच्या नजरेत मात्र चर्चच्या या निकालानं लग्न संपत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टातच जावं लागतं.)

म्हणून ख्रिस्ती लग्नाचा अर्थ काय, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन: दोन माणसांना स्वतंत्रपणे विचारलेला एक प्रश्न. तो खरा असेल, तर "नाही" म्हणायलाही जागा लागते. पहिल्या दिवशीही आणि विसाव्या वर्षीही. चर्चला स्वतःच्याच प्रश्नाचा हा अर्धा भाग कळायला फार वेळ लागला. आपल्याला तर अजून पहिला अर्धाच विचारायचा आहे.

रविवार

घरी आल्यावर आजीला विचारलं, तुझ्या लग्नात तुला कुणी विचारलं होतं का? ती तांदूळ निवडत होती. "मले कोन इचारते बापा? खेळून आली त अंगनात मांडव." मग मी तिला त्या १८६६ च्या कायद्याबद्दल सांगितलं. न्यायाधीश बाईला विचारायचा, वर्षभर थांबायचा, परत विचारायचा. तिनं सूप खाली ठेवलं. "वरीसभर?" म्हणाली. "मले कोनी वरीसभर थांबून इचारलं असतं, त मी काय सांगतलं असतं, मलेच मालूम नाई."

रविवारी मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले, चहा झाला. मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर पाठवलं. मी म्हणालो, तुमची खरंच इच्छा आहे का? नसेल तर मला सांगा, नकार आमच्याकडून आला असं मी घरी सांगतो. ती बराच वेळ खालच्या रस्त्याकडे पाहत होती. तीन सेकंदांपेक्षा खूप जास्त. मग म्हणाली, मला थोडा वेळ द्या.

बारा दिवसांनी तिचा मेसेज आला. नाही.

मी शब्द पाळला. आई दोन दिवस नाराज होती. मलाही वाईट वाटलं, मुलगी मला आवडली होती. आजीनं फक्त एवढंच विचारलं, "तिनं सोताहून सांगतलं का?"

हो म्हणालो. आजी परत तांदूळ निवडायला लागली.